उंदराचे ऋण

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सायंकाळची मिस्सा आटोपून मी वेदीमागच्या खोलीत वस्त्रे उतरवून ठेवीत होतो. आमच्या गायनवृंदातील एक मुलगी दाराशी येऊन घुटमळत उभी राहिली. ती नागपूरबाहेरील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात पदव्युत्तर पदवीसाठी संशोधन करीत आहे, एवढे मला ठाऊक होते. "फादर, एक विचारायचे होते," ती म्हणाली, "मी रोज जे काम करते ते पाप तर नाही ना?"

काम कोणते, तेही तिने सांगितले. पांढऱ्या उंदरांना काही आठवडे साखरेचे पाणी पाजून त्यांचा रक्तदाब वाढवायचा. शेपटीला चिमुकला पट्टा बांधून तो मोजायचा. त्यांपैकी काहींना एका वनस्पतीचा अर्क द्यायचा. अखेरीस गुंगीचे औषध देऊन सर्वांना मारायचे आणि हृदयातून निघणारी महारोहिणी काढून घेऊन तपासायची. "रोज सकाळी मीच त्यांना उचलून तराजूत ठेवते, फादर. आता ते मला ओळखतात. हात पुढे केला तर पळत नाहीत. म्हणूनच शेवटच्या दिवशी..." वाक्य तिने पुरे केले नाही.

तिला तेथल्या तेथे दोन वाक्यांत उत्तर देता आले असते. पण घाईने दिलेले उत्तर बहुधा विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठीच असते. मी तिला पुढच्या रविवारी यायला सांगितले. त्या आठवड्यात जे वाचले, आठवले आणि मनाशी घोळवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे; कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

प्रथम माझेच सांगतो. उंदराविषयी माझ्या मनात कधी दया होती असे नाही. सेमिनरीत असताना कोठारातील तांदळाची राखण काही महिने माझ्याकडे होती. सापळ्यात सापडलेले उंदीर मी बादलीत बुडवून मारले आहेत आणि त्यानंतर शांत चित्ताने सायंप्रार्थनेला गेलो आहे. आपल्याकडे उंदीर म्हणजे धान्याचा चोर. आजोबा-पणजोबांच्या आठवणीत तर तो प्लेगचा सांगावा घेऊन येणारा; गावात उंदीर पडू लागले की माणसे घरेदारे सोडून माळावर झोपड्या बांधीत. अशा प्राण्याच्या दुःखाचा हिशेब कोण ठेवणार?

आणि तरीही गेली सहा वर्षे मी रोज सकाळी न्याहारीनंतर रक्तदाबाची एक गोळी घेतो. ती माझ्यापर्यंत कोणाच्या शरीरातून वाट काढीत आली, हा विचार त्या रविवारपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता.

रोहिणीला आपण पाण्याचा नळ समजतो, पण ती जिवंत असते. तिच्या भिंतीत स्नायू असतात, ते आवळतात आणि सैल पडतात. सर्वांत आत पेशींचे एक तलम अस्तर असते. १९८० साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महारोहिणीच्या तुकड्यांवर दाखवून दिले की हे अस्तर शाबूत असेल तरच ऍसिटिलकोलीन ह्या द्रव्याने रोहिणी सैल पडते; ते खरवडले गेले तर सैल होण्याचा निरोप स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. हा निरोप नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू पोहोचवतो, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट यांना आणखी दोघांसह मिळाले.

आमची मुलगी करते ते त्याच परीक्षेचे एक रूप आहे. उंदराच्या महारोहिणीचे अंगठीसारखे लहानसे कडे ती शरीराइतक्या उबदार क्षारयुक्त पाण्यात दोन आकड्यांमध्ये अडकवते. एका औषधाने ते आवळते, दुसऱ्याने सैलावते की नाही ते पाहते. निरोगी रोहिणी सैलावते. साखरेने आणि दाबाने आजारलेली रोहिणी ताठच राहते. आपल्या शरीरात वर्षानुवर्षे मुकाट्याने जे चालते, ते तिला काही आठवड्यांत एका रेषेच्या चढउतारात दिसते. उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. म्हणून त्याचा आजार लवकर पिकतो, आणि म्हणूनच संशोधकांना तो सोयीचा.

ही सोय शास्त्राने पुष्कळ वापरली. १९६३ साली जपानमधील क्योतो येथे ओकामोटो आणि आओकी ह्या शास्त्रज्ञांनी, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून, आपोआप उच्च रक्तदाब होणाऱ्या उंदरांची एक जातच तयार केल्याचे जाहीर केले. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून ज्यांचा रक्तदाब वाढवला होता अशा उंदरांवर ते पारखले गेले आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्या कुळातील औषधे आज जगभर असंख्य माणसे घेतात. तुमच्या-माझ्या घरातील औषधांच्या डब्यातही ती असतील.

मात्र उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. त्याच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेण्याची रीत आपल्याहून वेगळी आहे. त्याला मोकळे सोडले तर त्याच्या रोहिण्यांत आपल्यासारखे मेदाचे थर साचत नाहीत. म्हणून उंदराला लागू पडले ते माणसाला लागू पडेलच असे नाही. हे तिनेच मला समजावले. "मग तुझ्या प्रयोगातून नवीन काय कळणार?" असे मी विचारले, तेव्हा ती थोडी थांबली. "खरे सांगू का, फादर? हा अर्क आधीही बऱ्याच जणांनी उंदरांना देऊन पाहिला आहे. पण प्रबंध पुरा करायला प्रयोग हवा."

तिच्या मनाला नेमके काय बोचत होते, ते मला येथे कळले.

आपली परंपरा ह्याबाबत काय सांगते? उत्पत्तीच्या ग्रंथात माणसाला सृष्टीवर अधिकार दिला आहे. पण तोच ग्रंथ त्याला बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी नेमतो. म्हणजे अधिकार राखणदाराचा आहे. सेमिनरीत आम्हांला संत थॉमस अक्विनास ह्यांचे मत शिकवले होते. प्राण्यांशी क्रूरपणा करू नये, कारण तशी सवय लागलेला माणूस पुढे माणसांशीही क्रूर होतो, असा त्यांचा युक्तिवाद. तेव्हा मला तो पुरेसा वाटला. आज वाटत नाही. त्यात उंदीर केवळ माणसाच्या स्वभावाची परीक्षा घेणारे साधन ठरतो. त्याची वेदना त्याची स्वतःची म्हणून कोठेच मोजली जात नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेली कॅथलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण पुढे पाऊल टाकते. प्राणी देवाचे आहेत, त्यांच्याशी दयाळूपणे वागणे आपल्याला लागू आहे, असे ती म्हणते. मानवी जीव वाचवण्यास किंवा सावरण्यास हातभार लागत असेल, तर वाजवी मर्यादेत राहून केलेले प्रयोग ती नैतिकदृष्ट्या मान्य करते. पण विनाकारण प्राण्यांना यातना देणे किंवा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही बजावते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात ह्याच शिकवणीची आठवण करून दिली.

देशाचा कायदाही ह्याहून फार दूर नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अशा प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आणि १९९८ च्या नियमांनी प्रत्येक प्रयोगाला आगाऊ परवानगी आवश्यक ठरवली. प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीत, शास्त्रज्ञ नसलेल्या पण समाजाची जाण असलेल्या एका व्यक्तीलाही स्थान असते. संशोधकांना १९५९ पासून तीन कसोट्या परिचित आहेत: प्राण्याविना काम भागते का, प्राण्यांची संख्या कमी करता येईल का, आणि त्यांची वेदना कमी करता येईल का.

येथवर वाट सरळ होती. आवश्यकता असेल आणि मर्यादा पाळली असेल तर पाप नाही; पदवीचा रकाना भरण्यापुरता, आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी जीव घेतला जात असेल तर थांबून विचार करावा. एवढेच सांगून मी तिची पाठवणी केली असती. पण त्या आठवड्यात आपल्याच महाराष्ट्रातील एका संशोधनाची हकीकत वाचनात आली आणि 'आवश्यकता' हा शब्द मला वाटला होता तितका सोपा राहिला नाही.

पुण्यात डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका वंशाला पन्नास पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवले. २०१५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंदराच्या पन्नास पिढ्या म्हणजे माणसाच्या हिशेबात हजार-बाराशे वर्षांची भूक. ह्या वंशातील पिल्ले वजनाने कमी जन्मली. तरी त्यांच्या पोटातील चरबी अधिक होती. इन्सुलिन त्यांच्या शरीरात नीट काम करीत नव्हते. रक्तात बी-१२ जीवनसत्त्व आणि फोलेट कमी होते, आणि रोहिण्यांच्या आतल्या अस्तराला अपायकारक मानले जाणारे होमोसिस्टीन अधिक होते. मग त्यांना पोटभर चांगले अन्न दिले. दोन पिढ्या दिले. तरी बिघाड भरून निघाला नाही.

असा प्रयोग करावा असे त्यांना का वाटले? कारण माणसांत हेच दिसू लागले होते. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर ह्यांनी हर्टफर्डशायर परगण्यातील जुन्या जन्मनोंदी चाळल्या, आणि कमी वजनाने जन्मलेल्यांत पुढे हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण अधिक असल्याचे १९८९ साली दाखवले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. आपली बाळे हाडांमांसाने किरकोळ, पण चरबीने तितकी किरकोळ नाहीत, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे उंदरांच्या प्रयोगात तेही सहभागी होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे, गाभण उंदरीच्या आहारातील प्रथिने कमी केली तर पिल्लांचा रक्तदाब वाढतो आणि त्यांच्या बारीक रोहिण्या नीट सैलावत नाहीत, असे आढळले होते. त्याच आहारात फोलेट मिसळले तेव्हा त्या रोहिण्या बऱ्याच सुधारल्या, असेही तेथे दिसले.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. जुन्या इस्राएलात एक म्हण होती: बापाने आंबट द्राक्षे खावीत आणि दात मुलांचे आंबावेत. यहेज्केल संदेष्ट्याने ती म्हण मोडीत काढली. ज्याचा अपराध त्याच्याच माथी, असे त्याने परमेश्वराच्या वतीने सांगितले. अपराधाविषयी तो खरेच बोलला. पण इजा मात्र अपराधाचा नियम पाळत नाही. आजीच्या पोटातील भूक नातवाच्या रोहिणीत उतरू शकते, आणि त्या नातवाने काहीही केलेले नसते. आजीनेही केलेले नसते.

मग कोणी केलेले असते? पुण्याच्या प्रयोगशाळेत ह्याचे उत्तर सोपे होते. उंदरांचे अन्न कोणी कमी केले, किती केले, कोणत्या तारखेपासून केले, ह्याची नोंद वहीत होती. त्यासाठी आधी परवानगी मागावी लागली होती. आपल्या विदर्भातील अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कुपोषणाने बालके दगावत असल्याचे १९९३ साली साऱ्या महाराष्ट्राला कळले. त्यानंतर उच्च न्यायालयाला ह्या प्रश्नात पुन्हा पुन्हा लक्ष घालावे लागले. त्या मातांचे ताट कोणी अर्धे केले, ह्याची वही कोठे आहे? कोणत्या समितीने परवानगी दिली होती?

उंदीर उपाशी ठेवायचा तर आपण अर्ज करतो. बाई उपाशी राहिली तर कोणालाच अर्ज करावा लागत नाही.

येथे काही वाचक म्हणतील की हा युक्तिवाद भरकटला. संशोधक आपले काम प्रामाणिकपणे करतो. समाज ते ऐकत नसेल तर दोष त्याचा कसा? आक्षेप रास्त आहे, आणि मी संशोधकाला दोष देतही नाही. पण धर्मशिकवणीतील अट पुन्हा पाहावी. मानवी जीव सावरण्यास हातभार लागत असेल तर, असे ती म्हणते. हातभार एकट्या प्रयोगशाळेने लागत नाही. शास्त्रज्ञ ज्ञान मिळवून देतो. ते वापरणे न वापरणे डॉक्टर, सरकार, शाळा, चर्च आणि घर ह्यांच्या हाती असते. उंदराचा जीव आपण एका गरजेच्या नावाने घेतला. ज्ञान हाती आल्यावर आपण ते कपाटात ठेवून दिले, तर ती गरज खरी नव्हती असे आपणच आपल्या वागण्याने सिद्ध केले. मग प्रयोगशाळेत जे मर्यादेत झाले, ते आपल्या हातून विनाकारण ठरते. त्या यातनेला कारण मिळवून देण्याचे अर्धे काम आपल्याकडे उरलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आपण ज्ञान वापरले काय, न वापरले काय, उंदराला त्याचे काय? तो मेला. खरे आहे. त्याच्यासाठी माझ्याकडे सांत्वन नाही, आणि उसने आणणारही नाही. त्याने स्वखुशीने बलिदान दिले, असे काही लोक भाविकपणे बोलतात, तेही मला पटत नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते. जो स्वेच्छेने स्वतःला देतो त्याच्या यज्ञाची आठवण मी रोज वेदीवर करतो, म्हणून तो शब्द मी येथे सैलपणे वापरू इच्छीत नाही. उंदराकडून आपण घेतले आहे. घेतलेल्या गोष्टीला आपल्या भाषेत जुना शब्द आहे: ऋण. ते त्याला फेडता येत नसेल, तर ज्यांच्या नावाने घेतले त्यांना तरी पोहोचते करावे.

हे ऋण फेडण्याची साधने आपल्याजवळ नाहीत असेही नाही. २०१५ सालीच, पुण्याचे निष्कर्ष जगापुढे आले त्या वर्षी, महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना सुरू केली. आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यावर उपाय ठाऊक आहे आणि तो महागही नाही. धर्मशिकवणीच्या त्याच परिच्छेदात आणखी एक वाक्य आहे, जे प्राणिमित्रांना टोचते: माणसांच्या हालअपेष्टा दूर करण्यास जो पैसा आधी लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळणे योग्य नाही. मी ते वाचले आणि मला आमच्या धर्मग्रामाचा जमाखर्च आठवला. गेल्या सणाला आम्ही रोषणाईवर आणि मंडपावर जो खर्च केला, तो तर प्राण्यांवरही नव्हता. त्या हिशेबावर सही माझी आहे.

पुढच्या रविवारी ती आली. मी तिला म्हणालो, "तू जे करतेस त्याला मी पाप म्हणणार नाही. पण तुझ्या मनाला जे बोचते ते घालवूही नकोस. ते बोचते तोवर तुझा हात हलका राहील. तुझ्या मार्गदर्शकांना दोन गोष्टी विचार. जे आधीच सिद्ध झाले आहे ते पुन्हा करायचे का? आणि करायचेच असेल, तर कमी उंदरांत होईल का?" ती म्हणाली, "विचारले तर रागावतील." मी म्हणालो, "रागावतील कदाचित. पण हा प्रश्न विचारणे तुझ्या शास्त्राचाच नियम आहे, माझ्या धर्माचा एकट्याचा नव्हे."

तिने विचारले. प्रबंधाचा विषय बदलला नाही. उंदरांचा एक गट मात्र वगळता आला. किती जीव वाचले ते तिने मला बोटांवर मोजून सांगितले. त्या संख्येवरून मी कोणताही मोठा निष्कर्ष काढीत नाही. मी तिला आणखी एक सांगितले आहे: पदवी मिळाली की आपल्या वस्तीतील आयांच्या बैठकीत येऊन, तिने त्या रेषेत काय पाहिले ते साध्या भाषेत सांगावे. तिने होकार दिला आहे. त्या बैठकीला पुरुषांनीही यावे, अशी माझी विनंती आहे. कारण घरात सर्वांत शेवटी आणि उरलेसुरले कोण जेवते, ते त्यांनाच अधिक चांगले ठाऊक आहे.

स्नानसंस्काराच्या नोंदवहीत मी बाळाचे नाव लिहितो, आईबापांची आणि धर्ममातापित्यांची नावे लिहितो. वजनाचा रकाना तीत नाही. पण बाळ हातांवर घेतले की ते कळते. इतकी वर्षे हलके बाळ हाती आले की कुंडावर धरायला सोपे, एवढेच मनात येई. आता प्रार्थना संपल्यावर मी आईला बाजूला घेतो आणि विचारतो, "जेवतेस ना गं नीट?" बहुतेक जणी हसून "हो फादर" म्हणतात. काही जणी खाली पाहतात. त्यांच्या घरी मी त्याच आठवड्यात जाऊन येतो.

माझी गोळी मी अजूनही रोज सकाळी घेतो.